रिस्पेरिडोन, प्रोलॅक्टिन आणि जनुकीय आजार असलेली आपली मोठी झालेली मुलं: कोणाला अनुभव आहे का?

कोपरीची_ताई | ३ ऑगस्ट, रात्री १०:५२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. घरात त्याला बाळू म्हणतो, इथेही तेच लिहिते. जन्मतः हृदयाला छिद्र होतं, दोन वर्षांचा असताना ऑपरेशन झालं. बोलणं नाकातून, शाळा सातवीपर्यंत. बाविसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. रात्री उठून खिडक्यांच्या फटीत कागद कोंबायचा. तेव्हा एका डॉक्टरांनी हृदय, टाळू, शाळा आणि आवाज हे सगळं एकत्र जोडून पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. २२ नंबरच्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा नाहीये, २२क्यू११ डिलीशन. आजाराला नाव मिळायला आम्हाला बावीस वर्षं लागली.

तेव्हापासून रिस्पेरिडोन चालू आहे, सध्या ४ मिलिग्रॅम. गोळीने आवाज गेले हे मी शपथेवर सांगेन. कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जातो, आईबरोबर रोज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारतो.

मे महिन्यात एका रविवारी कपडे वाळत घालत होते. त्याच्या बनियनवर छातीपाशी दोन गोल डाग, रुपयाच्या नाण्याएवढे, कांजी केल्यासारखे कडक. मला वाटलं पेज सांडली असेल. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच जागी. मग त्याला आत नेऊन बघितलं. छाती दोन्हीकडे वाढलेली आणि दाबल्यावर पांढरं पाणी येत होतं. त्याला विचारलं, कधीपासून? म्हणाला, "दिवाळीपासून." म्हणजे सहा महिने. मग एकेक आठवायला लागलं. टी-शर्ट नको म्हणायला लागला होता, बाबांचे जुने ढगळ शर्ट मागायचा, खांदे पुढे पाडून चालायचा. आम्ही आपले म्हणत होतो, हल्ली जरा घुम्या झालाय.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "या मुलांचं असंच असतं, वजन वाढतं." सायकियाट्रिस्टनी प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन, रक्तात तपासायला सांगितलं. आलं ८६, लॅबच्या कागदावर पुरुषांसाठी १५ पर्यंत लिहिलंय. हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले हे गोळीमुळे आहे, गोळीचं तुमच्या सायकियाट्रिस्टना विचारा. सायकियाट्रिस्ट म्हणाले, गोळी हलवली तर आवाज परत येतील, हार्मोनचं हार्मोनवाल्यांना विचारा. जूनपासून मी फाईल घेऊन दोघांच्या मध्ये हेलपाटे घालतेय.

कोणाच्या घरी असं झालंय का? गोळी बदलली का, त्रास झाला का? आणि दोन डॉक्टर एकमेकांशी बोलावेत म्हणून तुम्ही काय केलंत?

---

पाचपाखाडी_जुनी | ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

ताई, अनुभव नाही. पण बाबांचे शर्ट मागायचा हे वाचून पोटात कालवलं. धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

---

नेरुळची_आई | ४ ऑगस्ट, सकाळी ६:४१

माझी मुलगी २६ वर्षांची, प्रेडर-विली सिंड्रोम. यात १५ नंबरच्या क्रोमोसोमवरचा वडिलांकडून आलेला भाग काम करत नाही. या मुलांना पोट भरल्याची जाणीवच होत नाही. आमच्या घरी फ्रिजला कुलूप आहे, पिठाच्या डब्याला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर.

काहींमध्ये १५ नंबरच्या दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात. त्या प्रकारात मोठेपणी मानसिक आजाराचं प्रमाण जास्त असतं आणि माझी मुलगी त्यातलीच. एकोणिसाव्या वर्षी रिस्पेरिडोन सुरू झालं. तिला पाळी यायची, अनियमित पण यायची. गोळी सुरू झाल्यावर आठ-नऊ महिन्यांत पूर्ण बंद. मी तीन डॉक्टरांना सांगितलं, तिघांचं उत्तर एकच, "प्रेडर-विलीत पाळीचा त्रास असतोच." असतो, खरं आहे, या मुलींची अंडाशयं मुळातच कमी काम करतात. पण आधी येत होती ना? आधी येत असलेली गोष्ट गोळीनंतर थांबली, तर दोष नुसत्या सिंड्रोमवर कसा टाकता? प्रोलॅक्टिन करायला दोन वर्षं गेली. मधल्या काळात हाडांचं काय झालं ते आता स्कॅन केल्यावरच कळेल, अजून केलेला नाही.

तुमचा बाळू सहा महिने बोलला नाही, माझी लेक तर दुखलेलंही सांगत नाही. प्रेडर-विलीत वेदना कमी जाणवतात. मनगट मोडलं होतं आणि ती त्याच हाताने रांगोळी काढत बसली होती. म्हणून सांगते, आपणच बघायचं. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळीच्या वेळी तिला विचारून सगळं अंग तपासते. वजन, पाय, छाती, त्वचा. कॅलेंडरवर खूण करते.

---

औषधवाला_ऐरोली | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

मेडिकल स्टोअर आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. ताई, एक प्रश्न. बाळूला ॲसिडिटीची, पोट फुगल्याची, मळमळीची कुठली गोळी चालू आहे का? सायकियाट्रिस्टनी दिलेली नव्हे, फॅमिली डॉक्टरांची किंवा दुकानातून नेलेली?

विचारतोय कारण पँटोप्राझोल-डोमपेरिडोन, राबेप्राझोल-लेव्होसल्पिराइड अशा जोडगोळ्या आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या खपतात. लोक सगळ्यांना "गॅसची गोळी" म्हणतात. यातली डोमपेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड ही दोन्ही औषधं स्वतःच प्रोलॅक्टिन वाढवतात. रिस्पेरिडोनच्या वर ती पडली म्हणजे दोन बाजूंनी मार. शिवाय डोमपेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांत गडबड होऊ शकते, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढचं नाव कंपनीचं असतं, औषध मागे लिहिलेलं असतं.

---

कोपरीची_ताई | ४ ऑगस्ट, दुपारी १:०८

दादा, हात थरथरतायत टाइप करताना. तुमचं वाचून आईला फोन केला, तिला मागची अक्षरं वाचायला लावली. पँटोप्राझोल आणि डोमपेरिडोन. गेल्या गणपतीपासून रोज सकाळी उपाशीपोटी. घशाशी आंबट येतं म्हणाला होता, फॅमिली डॉक्टरांनी दहा दिवसांची लिहून दिली, संपली की आई त्याच स्ट्रिपवर नवीन आणत राहिली. एकाही डॉक्टरांना आम्ही सांगितली नाही, कारण गॅसची गोळी हे आमच्या लेखी औषधच नव्हतं.

---

मन_डॉक्टर | ४ ऑगस्ट, रात्री ९:३४

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, नवी मुंबईत प्रॅक्टिस. इथे कोणाला डोस सांगणार नाही, पण यंत्रणा समजली तर ताईंना डॉक्टरांशी बोलणं सोपं जाईल.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, प्रोलॅक्टिन ती सोडते. शेतात पाटाला फळी आडवी लावतात ना, तसं डोपामीन प्रोलॅक्टिनला एरवी अडवून धरतं. आवाज थांबवायला आपण डोपामीनला अडवणारी गोळी देतो. ती मेंदूत हवं ते काम करते, पण पिट्युटरीपाशी तीच फळी काढते आणि पाट वाहायला लागतो. पिट्युटरी मेंदूच्या संरक्षक पडद्याच्या बाहेर आहे. त्यामुळे मेंदूत फारशी न शिरणारी डोमपेरिडोनही तिथे पोचते. औषधवाला दादांनी नेमकं बोट ठेवलंय.

रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्पिराइड यांच्यात प्रोलॅक्टिन जास्त वाढतं. ओलांझापिन आणि क्लोझापिनमध्ये तुलनेने कमी, पण त्यांची वजन आणि साखर वाढवण्याची खोड मोठी. अरिपिप्राझोल डोपामीनला पूर्ण अडवत नाही, थोडं चालवतंही, म्हणून त्याने प्रोलॅक्टिन उलट उतरतं. काही वेळा चालू गोळीबरोबर ते थोडं जोडतात. काहींना त्याने बेचैनी येते, माणूस एका जागी बसू शकत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

प्रोलॅक्टिन बराच काळ चढलेलं राहिलं की शरीर लैंगिक हार्मोन कमी बनवतं. बाईची पाळी थांबते, पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, दोघांचीही हाडं झिजतात. नेरुळच्या आई, हाडांचा डेक्सा स्कॅन लांबवू नका. तुमच्या मुलीला सिंड्रोममुळे हाडांचा धोका आधीच आहे, त्यावर हा दुसरा.

चाचणीबद्दल एक. झोपेत आणि ताणात प्रोलॅक्टिन आपोआप वाढतं. उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडा वेळ शांत बसवून रक्त घ्यावं. थायरॉइड कमी असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून टीएसएच बरोबरच करावं. आणि २२क्यू मध्ये थायरॉइडच्या तक्रारी पुष्कळ दिसतात.

---

निसर्गपुत्र | ५ ऑगस्ट, सकाळी ७:०२

इतक्या गोळ्या घातल्यावर शरीर बंड करणारच. सगळं बंद करा ताई. गाईचं तूप, ब्राह्मी, सकाळी अनवाणी चालणं. माझ्या मेहुण्याचा डिप्रेशनचा त्रास असाच गेला. मनापासून सांगतोय, राग मानू नका.

---

घोडबंदरकर | ५ ऑगस्ट, सकाळी ८:२७

निसर्गपुत्र, तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून मीही मनापासून लिहितो. माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. २०१७ साली एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून आम्ही गोळ्या एका रात्रीत बंद केल्या. पहिले तीन आठवडे फार छान गेले, चेहऱ्यावर तेज आलं म्हणून आईने सत्यनारायण घातला. पाचव्या आठवड्यात तो घर सोडून गेला. अकरा दिवसांनी पनवेलच्या पुढे सापडला, पायात चप्पल नव्हती. त्यानंतर पूर्वीच्या डोसवर तो कधी पूर्वीसारखा झाला नाही. ब्राह्मी खुशाल घ्या, पण चालू गोळी डॉक्टरांशिवाय कमी सुद्धा करू नका.

ताई, अजून एक. भावाचं प्रोलॅक्टिन वाढलं तेव्हा एकांनी कॅबरगोलीन लिहून दिली. प्रोलॅक्टिन उतरलं, पण पंधरा दिवसांत आवाज वाढले. सायकियाट्रिस्टना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ती गोळी डोपामीन चालू करते आणि आपण दुसऱ्या गोळीने तेच बंद करतोय. कोणी दिलीच तर सायकियाट्रिस्टना विचारल्याशिवाय पहिली गोळीही देऊ नका.

---

निसर्गपुत्र | ५ ऑगस्ट, सकाळी ९:५०

अकरा दिवस... वाचून गप्प झालो. माझा "सगळं बंद करा" हा सल्ला मागे घेतो.

---

कळवा_खाडी | ५ ऑगस्ट, दुपारी ३:१५

विषय थोडा बाजूला नेतोय. बाळू किंवा नेरुळच्या ताईंची लेक, यांची कागदपत्रं झाली आहेत का? अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व मिळतं, त्याची स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. निरामय नावाची वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही त्यातच आहे, ओपीडी आणि तपासण्यांचाही खर्च मिळतो. माझ्या मुलासाठी काढली आहे, ऑटिझम आहे त्याला. बिलं जपून ठेवा, झेरॉक्स वेगळी, ओरिजिनल वेगळं.

---

सीवूड्स_संध्या | ५ ऑगस्ट, दुपारी ४:०२

यूडीआयडी कार्डही, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र, काढा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात मानसिक आजारही येतो. आमच्या घरातलं कार्ड यायला सात महिने लागले, पण आलं त्या दिवशी लेकाने ते स्वतःच्या पाकिटात ठेवलं आणि रिक्षावाल्यालाही दाखवलं.

---

मी_स्वतः | ६ ऑगस्ट, रात्री १२:४०

मी इथे गोळी घेणारा माणूस म्हणून लिहितोय. वय ३४, क्लाइनफेल्टर, म्हणजे माझ्यात एक एक्स क्रोमोसोम जास्त आहे. टेस्टोस्टेरॉन मुळात कमी. सव्विसाव्या वर्षी मनाचा आजार झाला आणि अमिसल्पिराइड सुरू झालं. छाती वाढली. लहानपणापासून थोडी होतीच, म्हणून सगळ्यांनी तेच कारण धरलं. डॉक्टरांनीही, घरच्यांनीही.

मला कळत होतं की हे वेगळं आहे. आधीची मऊ होती. ही निपलखाली चकतीसारखी घट्ट, बोट लागलं तरी हुळहुळायची. लोकलमध्ये गर्दीत हात छातीवर आडवा ठेवून उभा राहायचो. पण दर वेळी केबिनमध्ये माझे भाऊ बोलायचे, डॉक्टर भावाकडे बघून विचारायचे, "झोप कशी आहे याची?" माझ्या छातीबद्दल भावाला माहीतच नव्हतं, मग तो सांगणार काय? आणि भावासमोर मी तरी कसं सांगणार?

ताई, तुम्ही खूप करताय. पण बाळूला तुम्ही सांगितलंत का, की हे गोळीमुळे झालंय, त्याची काही चूक नाही? मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वर्षभर वाटत होतं की मी बाई होत चाललोय, आणि आवाज मला तेच सांगत होते.

---

कोपरीची_ताई | ६ ऑगस्ट, सकाळी ६:१०

नाही सांगितलं. रात्रभर झोप नाही लागली तुमचं वाचून. आज सांगते.

---

वाशीकर_काका | ६ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मी_स्वतः यांचा आदर राखून थोडं वेगळं मत. माझ्या भाचीला काही सांगितलं की ती आठवडाभर तेच धरून बसते, जेवण सोडते. प्रत्येकाला सगळं सांगणं झेपत नाही. घरच्यांनी माणूस बघून ठरवावं.

---

मी_स्वतः | ६ ऑगस्ट, सकाळी ११:४५

काका, सगळं सांगू नका. एवढं एकच वाक्य सांगा: "हे औषधाने झालंय आणि आपण डॉक्टरांना विचारतोय." भाची आठवडाभर धरून बसेल, मान्य. मीही वर्षभर धरून बसलो होतो, फक्त चुकीची गोष्ट.

---

वाशीकर_काका | ६ ऑगस्ट, दुपारी १२:२०

हे पटलं. बहिणीला फोन करतो.

---

नेरुळची_आई | ७ ऑगस्ट, रात्री ९:०५

ताई, दोन डॉक्टरांचा प्रश्न राहिला बघा. मी काय केलं ते सांगते. शाळेची दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर आजाराचं नाव, ऑपरेशनं, ॲलर्जी. दुसऱ्या पानावर सगळ्या गोळ्या, गॅसची, केसांची, खोकल्याची सगळी, आणि कुठली कधी सुरू झाली ती तारीख. तिसऱ्यापासून तारखेप्रमाणे वजन, पाळी, झोप, रिपोर्ट. हार्मोनच्या डॉक्टरांना म्हटलं, तुमचा प्रश्न या वहीतच सायकियाट्रिस्टना लिहून द्या, दोन ओळी. त्यांनी लिहिलं, "प्रोलॅक्टिन कमी करणारा पर्याय देता येईल का? नसेल तर मी काय द्यावं?" सायकियाट्रिस्टनी खाली उत्तर लिहिलं आणि फोन नंबरही. तोंडी निरोपात माझीच चूक व्हायची, अर्धं विसरायचे, अर्धं घाबरून बदलायचे. वही डॉक्टरांना एकमेकांचं अक्षर दाखवते.

---

मन_डॉक्टर | ७ ऑगस्ट, रात्री १०:१८

ही वही माझ्याकडे प्रत्येक पेशंटने आणावी असं मला वाटतं.

ताई, २२क्यू साठी आणखी एक, महत्त्वाचं. या आजारात पुष्कळदा पॅराथायरॉइड, म्हणजे कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली ग्रंथी, कमी काम करते, रक्तातलं कॅल्शियम उतरतं, कधी कधी थेट तिशीत. कॅल्शियम कमी असेल तर फिट येऊ शकते. ईसीजीमध्ये क्यूटी नावाचं अंतर लांबतं, आणि आपल्या काही गोळ्याही तेच अंतर लांबवतात. म्हणून गोळी बदलण्याआधी कॅल्शियम आणि ईसीजी बघायचं. हात-पाय मुंग्या येणं, बोटं वळणं, विनाकारण चिडचिड, असं काही आहे का?

---

कोपरीची_ताई | ७ ऑगस्ट, रात्री १०:५५

बोटं वळतात! पिशव्या चिकटवताना. कार्यशाळेतल्या बाई म्हणायच्या, तोच तोच हात चालतो म्हणून गोळे येतात. उद्याच रक्त देतो.

काल त्याला सांगितलं. गच्चीत कपडे काढताना, म्हणजे समोरासमोर बसावं लागलं नाही. म्हटलं, "बाळू, ते छातीचं गोळीमुळे झालंय. तू काही केलेलं नाहीस. आपण डॉक्टरांना विचारतोय." तो बराच वेळ चिमटे गोळा करत राहिला. मग म्हणाला, "आईला सांगू नको, ती रडते." आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी तसं सांगितलं, तर म्हणाला, "मग रडू दे."

---

तलावपाळीचा_गण्या | ८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मग रडू दे! ताई, बाळूला माझ्याकडून कुल्फी. फेरी मारताना कठड्यापाशी निळी टोपी घातलेला दिसलो तर हाक मारा.

---

कोपरीची_ताई | २९ ऑगस्ट, रात्री ११:१२

तीन आठवड्यांनी लिहितेय. कॅल्शियम ७.४ आलं, लॅबची खालची मर्यादा ८.५. टीएसएचही थोडं चढलेलं. डोमपेरिडोन फॅमिली डॉक्टरांना सांगून बंद केली, साधी पँटोप्राझोल काही दिवस. एवढ्यानेच प्रोलॅक्टिन ८६ वरून ५८ वर आलं.

वही केली. २२क्यू, ऑपरेशन, गोळ्या, सगळं बाळूच्या हस्ताक्षरात, कारण त्याचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे. हार्मोनच्या डॉक्टरांनी वाचायला दहा मिनिटं घेतली, मग समोरच सायकियाट्रिस्टना फोन लावला. जूनपासून मी त्या फोनची वाट बघत होते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं औषध सुरू झालंय. ते जागेवर आलं आणि ईसीजी चांगला निघाला की अरिपिप्राझोल अगदी थोडं जोडायचं आणि रिस्पेरिडोन हळूहळू उतरवायचं ठरलंय. एकदम काहीच नाही.

---

औषधवाला_ऐरोली | ३० ऑगस्ट, सकाळी ९:००

बरं वाटलं. हा धागा वाचल्यापासून काउंटरवर एक बदल केलाय. मनाच्या आजाराची गोळी नेणाऱ्याने गॅसची मागितली की विचारतो, "डॉक्टरांना माहीत आहे का?" चौघांपैकी तिघे नाही म्हणतात.

---

नेरुळची_आई | ११ ऑक्टोबर, रात्री ८:४६

डेक्सा केला. सव्विसाव्या वर्षी माझ्या लेकीची कंबरेची हाडं विरळ आहेत. हार्मोनची बदली गोळी, कॅल्शियम आणि रोज जिने चढणं सांगितलंय. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आता तिच्यासाठी बंद. प्रत्येक मजल्यावर ती थांबते आणि "खाऊ?" विचारते. मी म्हणते, वर. चौथ्या मजल्यावर एक चतकोर संत्रं.

ज्यांच्या घरी नुकतीच गोळी सुरू झाली आहे, त्यांनी पहिल्या दिवसाचं वजन, कंबर, साखर, प्रोलॅक्टिन, पाळीची तारीख लिहून ठेवा. माझ्याकडे "आधी" चा आकडा नव्हता, म्हणून सगळे मला सांगू शकले की हे आधीपासूनच होतं.

---

मी_स्वतः | १२ ऑक्टोबर, रात्री १२:१५

मी भावाला सांगून केबिनमध्ये पहिली पाच मिनिटं एकटा जायला लागलोय. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मीच सुरुवात करतो. तीन वेळा झालं.

---

कोपरीची_ताई | ७ डिसेंबर, रात्री १०:२०

मधे त्रास झाला, तोही लिहिते. अरिपिप्राझोल सुरू केल्यावर चौथ्या दिवसापासून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझारा सुरू झाल्या, रात्री दोनपर्यंत. मन_डॉक्टर यांनी आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही, सकाळी फोन केला, डोस अर्धा झाला. आठवड्यात थांबलं. एका रात्री "कोणीतरी हाक मारली" म्हणाला, माझा जीव गोळा झाला. दोन दिवस सुट्टी घेऊन घरी बसले. पुन्हा ऐकू आलं नाही. रिस्पेरिडोन आता २ वर आहे, त्याखाली सध्या जायचं नाही असं डॉक्टर म्हणतात.

प्रोलॅक्टिन १९. कॅल्शियम ८.७. बोटं वळत नाहीत. छाती कमी झालीय, पण पूर्ण गेली नाही. इतके महिने राहिलेली गाठ गोळीने पूर्ण विरघळेलच असं नाही, वर्षभर बघू, मग सर्जनचं मत घेऊ, असं सांगितलंय. हे ऐकून मला वाईट वाटलं, त्याला तितकंसं नाही.

मी_स्वतः, हे तुमच्यासाठी. परवा केबिनमध्ये मी बाहेरच थांबले. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "छाती कशी आहे?" तो एरवी उत्तर द्यायच्या आधी मान वळवून मला शोधतो. या वेळी सरळ म्हणाला, "डावीकडे गाठ आहे, उजवीकडे कमी आहे. बनियन ओला होत नाही. दाबलं तर दुखतं, म्हणून दाबू नका."

---

मी_स्वतः | ७ डिसेंबर, रात्री ११:५८

डॉक्टरांनी दाबलं?

---

कोपरीची_ताई | ८ डिसेंबर, सकाळी ६:०५

नाही. आधी विचारलं.